छपाईच्या दुकानाची नवी वही

जुन्नरच्या भूमीला व्यापाराच्या नोंदींची परंपरा फार जुनी आहे. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी वापरला जात असे, असे परंपरा सांगते. जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कांस्यकार यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंदही त्यांत आढळते. एकाने विश्वासाने ठेवले, दुसऱ्याने सांभाळले आणि ते लिहून ठेवले गेले. व्यापाराचा पाया आजही याच तीन गोष्टींवर उभा आहे.

आज याच परिसरात, जुन्नर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव येथील बाजारपेठांत कापड दुकानाच्या जोडीला टी-शर्ट, टोप्या व गणवेशांवर छपाई करण्याचा व्यवसाय तरुण पिढीला खुणावतो. त्यासाठी निमित्तांची वाण नाही. १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवजन्मोत्सव, चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा, महावीर जन्मकल्याणकाची शोभायात्रा, जूनमध्ये शाळा, आषाढीला दिंड्या आणि भाद्रपदात गणेश मंडळे. वर्षभर मागणी असते. परंतु प्रत्येक मागणी दुसरीपेक्षा निराळी असते.

नारायणगावच्या पेठेत असे एक दुकान कल्पावे. वडील गल्ल्यावर बसतात, चिरंजीव छपाई पाहतात, सूनबाई डिझाइन करतात. मागणी वहीत लिहिलेली असते, मंडळाचे बोधचिन्ह चिरंजीवांच्या व्हॉट्सअॅपवर असते, विसार किती घेतला हे वडिलांच्या स्मरणात असते आणि मापांची यादी एका चिठ्ठीवर असते. कामे मोजकी असतात तोवर हे उत्तम चालते. पुढे एका फेब्रुवारीत वीस मंडळांची कामे एकदम येतात आणि त्याच आठवड्यात वडील आजारी पडतात. साठ टी-शर्टांवर जुन्या मसुद्यातील चुकीचे नाव छापले जाते. साडी विकली गेली नाही तर उद्या दुसरे गिऱ्हाईक ती घेते. मंडळाचे नाव आणि वर्ष छापलेला टी-शर्ट मात्र दुसऱ्या कोणालाही विकता येत नाही. या व्यवसायातील जोखीम नेमकी येथे आहे.

अशा प्रसंगानंतर घरात ‘एखादे सॉफ्टवेअर घेऊन टाकू’ असा विचार निघतो. विचार योग्यच आहे. पण कोणते सॉफ्टवेअर, हा प्रश्न दुसरा. एका मागणीचा दुकानातील प्रवास कसा होतो, हा पहिला. कुटुंबाने एका संध्याकाळी एकत्र बसून मागील दहा कामे कागदावर मांडावीत : चौकशी, दरपत्रक, विसार, नमुन्याची मंजुरी, प्लेन मालाची खरेदी, छपाई, तपासणी, बिल, उधारीची वसुली. प्रत्येक काम कोठे अडले, कोणाला विचारावे लागले, काय विसरले गेले, हे लिहावे. दहापैकी सात कामे मंजुरीच्या टप्प्यावर अडली असतील, तर त्या दुकानाला हिशेबाच्या सॉफ्टवेअरपेक्षा आधी मंजुरीच्या नोंदीची गरज आहे, हे त्या कागदावरूनच कळेल.

दरपत्रकाचा भागही असाच तपासून पाहावा. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्क्रीन लागते. समजा एका स्क्रीनचा खर्च ३०० रुपये आहे आणि डिझाइन तीन रंगांचे आहे. तर ९०० रुपयांचा हा खर्च बारा नगांवर वाटला असता नगाला ७५ रुपये पडतो, दोनशे नगांवर केवळ साडेचार रुपये. डीटीएफ छपाईत फिल्मच्या क्षेत्रफळाप्रमाणे आणि भरतकामात टाक्यांच्या संख्येप्रमाणे हिशेब बदलतो. शिवाय तिरुपूरहून आलेला माल रंग आणि माप यांनुसार वेगवेगळा मोजावा लागतो. ‘काळे टी-शर्ट १०० नग’ एवढी नोंद पुरत नाही, त्यांत एक्सएल किती हे कळले पाहिजे. ही गणिते ज्या प्रणालीत मांडता येत नाहीत, ती कितीही देखणी असली तरी या व्यवसायाच्या कामाची नाही.

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. पहिला हिशेबाचा. टॅलीची जन्मकथा व्यापारी घराला आपलीच वाटावी अशी आहे. कापड गिरण्यांना माल पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या हिशेबास साजेसे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी ते काम गणिताचे पदवीधर असलेल्या आपल्या मुलाकडे सोपवले आणि १९८६ साली बंगळूरला त्या उद्योगाचा आरंभ झाला. त्या मुलाला, भरत गोयंका यांना, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वडिलांची नेमकी गरज आणि मुलाची विद्या एकत्र आल्याने हे घडले. दुसरा प्रकार खास छपाईच्या दुकानांचा. प्रिंटाव्हो, शॉपव्हॉक्स, डेकोनेटवर्क यांसारख्या परदेशी प्रणाली मागणीचा टप्पा, ग्राहकाची मंजुरी आणि कामाचे वेळापत्रक नीट सांभाळतात. पण त्यांची घडण परदेशातील दुकानांच्या रीतीवर झालेली आहे. लहान दुकानाला अनेकदा हिशेबासाठी देशी सॉफ्टवेअर आणि कामाच्या टप्प्यांसाठी एक साधा एक्सेल तक्ता एवढेच पुरते. काम वाढल्यावर पुढचे पाऊल टाकता येते.

कराची बाजू नजरेआड करून चालत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी नगाला १००० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्यांवर १२ टक्के जीएसटी होता. त्या दिवसापासून २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के झाला. म्हणजे १८०० रुपयांच्या जॅकेटवरील कर उतरला आणि ३००० रुपयांच्या जॅकेटवरील चढला. दर बदलला की नव्या बिलांवर नवा दर लागावा आणि जुनी बिले जशीच्या तशी राहावीत, अशी सोय प्रणालीत हवी. दुकानाने स्वतःचा माल छापून विकणे आणि ग्राहकाने आणलेल्या कपड्यावर केवळ छपाई करून देणे, हे करदृष्ट्या भिन्न व्यवहार आहेत. दोन्हींची बिले वेगळी निघतात का, हे आपल्या करसल्लागाराला समोर बसवून पाहावे.

ग्राहकाने आणलेल्या कपड्याचा प्रश्न केवळ कराचा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटे दस्तऐवज करणे, म्हणजे कूटलेखक्रिया, आणि ठेव बुडवणे, म्हणजे न्यासापहार, यांचा समावेश आहे. शाळेने छपाईसाठी दिलेले शंभर शर्ट हा न्यासच होय. त्यांपैकी तीन छपाईत बिघडले, तर ‘शंभर आले, सत्त्याण्णव छापले, तीन बिघडले’ अशी नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे आणि ती शाळेला सांगितली गेली पाहिजे. आलेला माल, बिघडलेला माल आणि परत दिलेला माल यांसाठी स्वतंत्र रकाने नसलेली प्रणाली प्रामाणिक माणसालाही विस्मरणाच्या वाटेने दोषाकडे नेते.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. इंटरनेट बंद असताना बिल निघेल काय? पावसाळ्यात भीमाशंकर किंवा नाणेघाटाकडच्या डोंगरपट्ट्यात माल पोचवायला गेलेल्या माणसाच्या मोबाइलला रेंज नसते, हे लक्षात ठेवून हा प्रश्न आहे. वर्गणी थांबवली, तर जुना हिशेब आपल्या हाती कोणत्या स्वरूपात येईल? जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावा लागतो. सॉफ्टवेअर बदलले म्हणून ही जबाबदारी सुटत नाही. आणि कोणी नोंद बदलली, तर कोणी, केव्हा व काय बदलले हे दिसेल काय?

आरंभाची वेळही विचारपूर्वक निवडावी. फेब्रुवारीच्या धांदलीत नवी प्रणाली सुरू करू नये. हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला बदलते, तेव्हा नवी नोंद सुरू करणे सोयीचे. मात्र पहिले दोन-तीन महिने वही आणि संगणक दोन्ही चालवावेत व दर आठवड्याला दोन्हींचा मेळ घालावा. हे काम वडिलांनीच करावे. चाळीस वर्षे कीर्द-खतावणी लिहिलेल्या दृष्टीला चुकलेला आकडा जसा दिसतो, तसा तो नवख्या नजरेला दिसत नाही. कोणत्या मंडळाचा शब्द पक्का, कोणाकडून विसार आधी घ्यावा, कोणते कापड पहिल्या धुण्यात आटते, हे सारे आज वडिलांच्या मनात आहे. रोज सायंकाळी दुकान वाढवण्यापूर्वी त्यांनी यातील एकेक गोष्ट सांगावी आणि सूनबाईंनी ती ग्राहकाच्या नावापुढे टिपून ठेवावी. पुढच्या फेब्रुवारीत वडील आजारी पडले, तरी त्यांना अंथरुणात स्वस्थ पडून राहता येईल, एवढे साधले म्हणजे खरेदी सार्थकी लागली.