रिकामे अध्यासन आणि तासिकेवरचा इतिहास

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांची नावे मराठी वृत्तपत्रांत ठरावीक ऋतूंतच उमटतात. पावसाळ्यात कुपोषणामुळे आणि उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरमुळे. १९९२-९३ मधील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्याचे लक्ष या डोंगरांकडे वळले, तेव्हापासून हा परिपाठ चालू आहे. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तरी त्यात खंड पडला नाही. याच भागात महाविद्यालयेही आहेत, तेथे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी घरांतील पहिल्या पिढीचे पदवीधर घडत आहेत, आणि त्यांतील पुष्कळजण कला शाखेत इतिहास हा विषय घेतात. तो शिकवणारा माणूस कोण, त्याची नेमणूक कोणत्या अटींवर होते आणि तो किती वर्षे टिकतो, हा प्रश्न मात्र कोणत्याच ऋतूत बातमीचा होत नाही. त्या प्रश्नाकडे जाण्यासाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिनमार्गे जाणारी वाट धरायची आहे. वाट लांबची आहे, पण वाचकांनी थोडी सबुरी ठेवावी.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील इतिहास विभागात एडवर्ड कॉफमन हे अमेरिकेचा लष्करी इतिहास शिकवीत. पहिल्या महायुद्धातील अमेरिकी सैन्यावरील त्यांचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. १९९२ साली ते निवृत्त झाले आणि जागा रिकामी झाली. त्याच विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले स्टीफन अॅम्ब्रोज तेव्हा अमेरिकेतील सर्वाधिक खपाचे इतिहासलेखक होत होते. नॉर्मंडीवरील चढाई आणि दुसऱ्या महायुद्धातील सामान्य शिपाई यांवरील त्यांच्या पुस्तकांच्या लक्षावधी प्रती विकल्या गेल्या. आपल्या विद्यापीठात लष्करी इतिहास शिकवणारा कोणी उरला नाही, हे त्यांना सलले. त्यांनी स्वतःच्या खिशातून देणगी दिली, इतरांकडून मिळवली, आणि आपले गुरू विल्यम हेसेल्टाइन यांचे नाव आपल्या नावाशी जोडून अध्यासन स्थापण्याची व्यवस्था केली. निधी दहा लाख डॉलरच्या घरात गेला. अॅम्ब्रोज २००२ मध्ये वारले. २००६ साली एका नियतकालिकाने या अध्यासनाची कहाणी छापली, तेव्हाही खुर्ची रिकामीच होती. पैसा बँकेत, विद्यार्थी वर्गात, आणि प्राध्यापक कुठेच नाही!

असे का व्हावे? टीकाकारांचे उत्तर सरळ होते: विद्यापीठांतील डाव्या विचारांच्या इतिहासकारांना युद्ध या विषयाचीच घृणा आहे. या उत्तरात तथ्यांश आहे, पण ते पुरेसे नाही. मॅडिसनच्या आवाराला युद्धाची स्वतःची आठवण आहे. ऑक्टोबर १९६७ मध्ये नापाम बनवणाऱ्या डाऊ कंपनीच्या नोकरभरतीविरुद्ध विद्यार्थ्यांनी तेथे निदर्शने केली आणि पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी झोडपले. ऑगस्ट १९७० मध्ये सैन्यासाठी काम करणारे गणित संशोधन केंद्र उडवण्याच्या हेतूने स्टर्लिंग हॉल या इमारतीत स्फोट घडवण्यात आला. त्यात मेला तो एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ, ज्याचा सैन्याशी काडीचाही संबंध नव्हता. अशा ठिकाणी लष्करी इतिहासाचा प्राध्यापक नेमायचा म्हणजे निव्वळ एक पद भरणे राहत नाही. युद्धाचा इतिहास लिहिणारा युद्धाचा भाट ठरतो काय, या जुन्या वादाला ते तोंड फोडणे असते. विभागाने वेळ काढला, हे खरे. तो फार काढला, हेही खरे.

अखेर २००९ मध्ये या अध्यासनावर जॉन हॉल यांची नेमणूक झाली. आणि येथे गोष्टीला कलाटणी मिळते. हॉल स्वतः माजी लष्करी अधिकारी. तेव्हा नॉर्मंडीच्या वाळूवरचा आणखी एक ग्रंथ त्यांच्याकडून अपेक्षिणाऱ्यांचे काही चुकले नसते. परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धाविषयी आहे. सॉक जमातीचा वृद्ध नेता ब्लॅक हॉक आपल्या लोकांसह मिसिसिपी ओलांडून मूळ भूमीकडे परतला, तेव्हा इलिनॉय आणि विस्कॉन्सिनच्या प्रदेशात हे युद्ध पेटले आणि बॅड अॅक्स नदीजवळच्या कत्तलीत संपले. तरुण अब्राहम लिंकन या मोहिमेत स्वयंसेवकांच्या तुकडीचा कप्तान होता, एवढाच तपशील शालेय पुस्तकांत उरला आहे. हॉल यांनी प्रश्न वेगळा विचारला: मेनॉमिनी, हो-चंक, पोटावाटोमी आणि डकोटा या आदिवासी जमातींतले लोक गोऱ्यांच्या बाजूने का लढले? ते फितूर होते, की भोळे होते? त्यांचे उत्तर असे की ते दोन्ही नव्हते. या जमातींची आपापली जुनी वैरे होती, आपापले हिशेब होते, आणि बलाढ्य परक्याशी मैत्री करून स्वतःचे अस्तित्व टिकवण्याची एक परंपरागत राजनीती होती. ती राजनीती पुढे फसली, ही गोष्ट निराळी.

जव्हारचा इतिहास ज्याला थोडाफार ठाऊक आहे, त्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. मुकणे घराण्याचे हे महादेव कोळी संस्थान चौदाव्या शतकापासून टिकल्याचे परंपरा सांगते. १३४३ साली नेमशहाला दिल्लीच्या सुलतानाकडून मान्यता मिळाली, असे मानले जाते. गुजरातचे सुलतान, मोगल, वसई आणि दमणचे पोर्तुगीज, मराठे, अखेरीस इंग्रज अशा एकाहून एक बलाढ्य शेजाऱ्यांच्या मधोमध हे डोंगरी राज्य सहा शतके उभे राहिले. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिर्पामाळावर थांबले आणि राजा विक्रमशहाने त्यांचे स्वागत केले, ही आठवण जव्हारकर अभिमानाने सांगतात. ते त्याच आवाजात पुढचे सांगत नाहीत, की १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी हेच जव्हार जिंकून घेतले आणि मग शेजारचे रामनगरही घेतले. आठ वर्षांत मित्र शत्रू कसा झाला? विक्रमशहाचा हिशेब काय होता? विस्कॉन्सिनच्या प्राध्यापकाने हो-चंकांविषयी विचारलेला प्रश्न येथे जसाच्या तसा लागू पडतो. तो विचारणारा पूर्णवेळ माणूस तेवढा आपल्याकडे नाही.

बरे, हा प्रश्न स्थानिक कौतुकापुरता मर्यादित आहे म्हणावे, तर तसेही नाही. रामनगरचे कोळी राजे दमणच्या पोर्तुगीज गावांकडून चौथ वसूल करीत. रामनगर जिंकल्यावर मराठ्यांनी त्याच हक्काने पोर्तुगीजांकडे चौथ मागितली. पुढे ज्या चौथाईच्या बळावर मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत गेले, तिच्या मुळाचा एक धागा असा या डोंगरांत सापडतो. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील आपल्या १९२८ च्या ग्रंथात पोर्तुगीज साधनांच्या आधारे हा धागा उलगडला. नंतर गोव्याच्या पुराभिलेखागाराचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दप्तरांतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने बाहेर काढली. सेन कलकत्त्याचे, पिसुर्लेकर गोव्याचे. दोघांनाही आयुष्यभर त्या कागदांपाशी बसता आले, कारण दोघांनाही पक्की जागा होती. जव्हार-मोखाड्यातून असा कोणी उभा राहायचा, तर त्याला आधी मोडी आणि पोर्तुगीज शिकावी लागेल, मग पणजी आणि मुंबईच्या दप्तरखान्यांत काही वर्षे घालवावी लागतील. हे काम तासाच्या दराने होत नाही.

आणि महाराष्ट्रात इतिहास आज तासाच्या दराने शिकवला जातो. ज्याला 'तासिका तत्त्व' असे भारदस्त नाव आहे, ती व्यवस्था मुळात तात्पुरती सोय म्हणून आली. कोणी दीर्घ रजेवर गेले, कोणी निवृत्त झाले, तर नवी नेमणूक होईपर्यंत तासांपुरता माणूस घ्यावा, एवढाच तिचा हेतू. पुढे भरतीवर निर्बंध आले आणि सोय हीच रीत झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने रिक्त पदांपैकी चाळीस टक्के, म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापक नेमण्यास परवानगी दिली. ही भरती पुरी होण्याआधीच करोनाचे निमित्त होऊन मे २०२० मध्ये नव्या भरतीला पुन्हा बंदी आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये २,०८८ पदांना परवानगी मिळाली. पदे ठिबकसिंचनासारखी सुटतात. पाणी मुळाशी पोहोचण्याआधी नळ बंद होतो.

तासिकेचा दर २०२३ मध्ये वाढवून पदवी वर्गांसाठी ९०० रुपये करण्यात आला. आठवड्याला नऊ तास मिळाले असे धरले, तर चार आठवड्यांचे ३२,४०० रुपये होतात. दिवाळीची सुटी, परीक्षांचा काळ आणि उन्हाळा यांचे काही नाही. कायम सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचे मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे, भत्ते वेगळे. पात्रता मात्र दोघांचीही तीच: पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, आणि नेट, सेट किंवा पीएचडी. मुंबई-पुण्यात तासिकेवरचा शिक्षक दोन-तीन महाविद्यालयांत फिरून चार पैसे जमवू शकतो. मोखाड्याहून दुसऱ्या महाविद्यालयाकडे जायचे, तर एसटीच्या वेळापत्रकावर आणि घाटावर भिस्त. मग जो स्थानिक आहे तो नाइलाजाने राहतो आणि जो बाहेरचा आहे तो पहिली संधी मिळताच नाशिक गाठतो.

या भागात आणखी एक अडचण आहे, जी मंत्रालयातून दिसत नाही. तासिकेवरच्या नेमणुकांना दरवर्षी नव्याने मान्यता घ्यावी लागते. कार्यभार निश्चित करणे, जाहिरात, मुलाखती, मंजुरी हे सोपस्कार पुरे होईतो बहुधा पावसाळा सरत येतो. आणि दिवाळीनंतर येथील कुटुंबे कामासाठी भिवंडी, वसई, ठाण्याच्या वीटभट्ट्यांकडे निघतात. कुटुंबाबरोबर महाविद्यालयातला मुलगाही जातो, मुलगी तर जातेच. म्हणजे शिक्षक येण्याच्या आणि विद्यार्थी जाण्याच्या तारखा एकमेकींना जवळजवळ भिडलेल्या असतात. मध्ये जे थोडे आठवडे उरतात, त्यांत अमेरिकेचे यादवी युद्ध, शीतयुद्ध आणि व्हिएतनाम उरकायचे. गाइडवर भागवणाऱ्या विद्यार्थ्याला दोष द्यायला फार धारिष्ट लागेल.

येथे आरक्षणाचा मुद्दाही स्पष्ट बोलायला हवा. आदिवासी मुलांपुढे आदिवासी प्राध्यापक का दिसत नाहीत, याचे एक उत्तर बिंदुनामावलीच्या गणितात दडले होते. आरक्षण मोजताना संपूर्ण संस्था एकक धरायची की एकेक विषय, हा तो वाद. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर केंद्रीय संस्थांत विभाग हे एकक ठरले. केंद्राच्या नामावलीत अनुसूचित जमातीचा पहिला बिंदू चौदावा. ज्या विभागात दोन-तीन पदे, तेथे चौदावा बिंदू यायला किती पिढ्या लागतील, हे कोणीही सांगू शकेल. देशभर ओरड झाली आणि २०१९ मध्ये कायदा करून संपूर्ण संस्था हे एकक करण्यात आले. महाराष्ट्रानेही आपला कायदा त्यानंतर केला. कायद्याने अन्यायाची वाट बुजवली खरी, परंतु भरतीच होत नसेल तर योग्य बिंदूवर बसलेली रिक्त जागा ही रिक्तच राहते. अनुसूचित क्षेत्रातील १७ संवर्गांची पदे स्थानिक आदिवासींतून भरण्याची जी तरतूद आहे, तीत तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक आहेत. महाविद्यालयीन प्राध्यापक नाही. खासगी अनुदानित संस्थांतील नेमणुकांच्या वेळी जे देणेघेणे होते म्हणून सर्वत्र कुजबुजले जाते, त्याची पावती कोणी देत नाही, त्यामुळे त्याविषयी लिहिणेही अवघड. पण मोखाड्याच्या शेतमजुराच्या मुलाला ती कुजबुज नीट ऐकू येते, एवढे मात्र नमूद करावे लागेल.

विस्कॉन्सिनच्या उदाहरणावरून देणगीदारांनीही काही घेण्यासारखे आहे. आपल्याकडे शिक्षणासाठी दानत नाही, असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपले दान इमारतीवर, सभागृहावर आणि कोनशिलेवर खर्च होते. विद्यापीठांत थोर पुरुषांच्या नावे अध्यासने आहेत. त्यांपैकी कितींवर पूर्णवेळ, कायम प्राध्यापक आहे आणि कितींचे काम जयंतीच्या व्याख्यानापुरते उरले आहे, याचा हिशेब एकदा मांडायला हवा. अॅम्ब्रोज यांनी भिंत बांधून दिली नाही, माणसाचा पगार बांधून दिला. आणि तो माणूस काय लिहील, हे ठरवण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या भाविक वाचकांच्या पैशातून ब्लॅक हॉकच्या काळातील आदिवासींचा अभ्यासक पोसला गेला, यात देणगीचे खरे मोल आहे.

लष्करी इतिहास हा विषयच मुळी मागास भागाला अनाठायी, अशी शंका कोणी घेईल. या तालुक्यांत पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे पाहिली की ती फिटते. पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी हा येथील तरुणांचा मोठा उद्योग आहे. जव्हारचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉयल इंडियन एअर फोर्समध्ये फ्लाइट लेफ्टनंट होते. आणि ते युद्ध संपते न संपते तोच, ऑक्टोबर १९४५ मध्ये, जवळच्या तलवाड्याला जमलेल्या वारली वेठबिगारांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात जेठ्या गांगड मारला गेला. गोदावरी परुळेकरांनी त्या लढ्याची हकीकत लिहून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. एकाच दशकात राजा विमानदलात आणि त्याच्या शेजारची रयत बंदुकीच्या नळीपुढे. या दोन गोष्टी एका पानावर आणून त्यांचा अर्थ लावणे हे इतिहासाच्या प्राध्यापकाचे काम. धावणाऱ्या पोरांपैकी काहीजण उद्या त्या बंदुकीच्या मागच्या बाजूला उभे असतील.

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. मुख्य विषय, दुय्यम विषय, श्रेयांक यांची नवी मांडणी आली आणि इतिहासासारख्या विषयांचा कार्यभार किती उरणार, याची चिंता महाविद्यालयांतून व्यक्त होऊ लागली. कार्यभार घटला की पद घटते. स्थानिक ज्ञानपरंपरेला या धोरणात मोठा मान आहे. जव्हारच्या बाबतीत ती परंपरा जुन्या कागदांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. कागद दप्तरखान्यात सुरक्षित असतील. तलवाड्याच्या गोळीबाराच्या वेळी जे दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीत आहेत, आणि त्यांच्याकडे जायला लागणारा माणूस अजून पुढच्या जाहिरातीची वाट पाहतो आहे.