पुतण्याचं चॅनेल आणि चढणीचे मासे

मे महिन्याच्या शेवटी परळ-लालबागच्या चाळींतून कोकणात उतरणाऱ्या पोरांच्या सामानात हल्ली ट्रायपॉड असतो. डोक्याला बांधायची बॅटरी, मोबाइल भिजू नये म्हणून गळ्यात अडकवायचा प्लास्टिकचा पाऊच आणि ट्रायपॉड. पाऊस पडला की रात्री ओढ्यावर जायचं, कुर्ल्या पकडायच्या, गरी टाकायची, पाग मारायचा आणि सगळं शूट करून यूट्यूबवर चढवायचं. मोबाइलवर दोन-चार मिनिटं बोट फिरवलंत तर अशी पाच-दहा कुटुंबं सहज दिसतील. त्यातलं एक आमचं.

चॅनेल पुतण्याचं. तो एरवी गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये वायरमन आहे. कॅमेरा त्याची बायको धरते, बॅटरी माझा मुलगा, आणि शेवटी चुलीपाशी मी. एका सरकारी रुग्णालयातून आया म्हणून निवृत्त झाले, आता या वयात ‘काकी’ म्हणून मला अनोळखी माणसं ओळखतात. परवा लालबागच्या मसाला गल्लीत एका मुलीने थांबवून विचारलं, तुम्ही त्या कुर्लीवाल्या काकी ना? खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

शहरात वाढलेल्या माझ्या विहीणबाई मात्र नाक मुरडतात. “जिवंत प्राण्याच्या नांग्या मोडताना दाखवता, बघवत नाही हो.” त्यांच्यासारखं बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच सांगते, की न बघता खाणं हा काही दयाळूपणा नाही. कुर्ली कशी धरतात ते तरी बघा. ओढ्याच्या कडेला बॅटरीचा उजेड पडला की ती जागच्या जागी थिजते. मग मागून जायचं, पाय अलगद तिच्या पाठीवर ठेवायचा आणि दोन बोटं कवचाच्या मागच्या कडेला लावून उचलायची. पुढून हात घातलात तर बोट सोलून निघतं. बिळातली असेल तर काठीला कोंबडीची आतडी बांधून बिळाच्या तोंडाशी धरायची आणि गप्प बसायचं. घरी आल्यावर मोठ्या नांग्या वेगळ्या, आणि बारीक पाय पाट्यावर वाटून, गाळून तो रस वाटपात. यातलं कुठलंच काम मूर्खाला जमत नाही. माझ्या पुतण्याला त्याच्या आजीने शिकवलं, आजीला तिच्या बापाने. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नाही. असलंच तर आता त्या व्हिडिओंमध्ये आहे.

म्हणून मी या शूटिंगच्या बाजूने आहे, हे आधी स्पष्ट सांगते. आमच्या माणसांवर कॅमेरा लागला तो कायम दुसऱ्यांचा. माझे सासरे गिरणीच्या साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा बाहेर पडले, ते परत गिरणीत गेले नाहीत. त्यांचा एकच फोटो घरात आहे, गिरणीच्या पासावरचा, त्यावरही शिक्का अर्ध्या चेहऱ्यावर आलाय. गिरणगावाला बाहेरच्यांनी पाहिलं ते मोर्च्यात, नाहीतर गोळीबारात. २०१०च्या ‘लालबाग परळ’मध्येही आमची पोरं शेवटी हत्यारं घेऊनच उभी. गुडघाभर पाण्यात उभं राहून हसणारा कामगार कुणाला दाखवावासा वाटला नाही. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली. पण त्यांचं मालवणी, त्यांचं खेकसणं, गरीला गांडूळ लावताना डोळे बारीक करणं, हे सगळं पुतण्याच्या जुन्या व्हिडिओत आहे. कुठल्या संग्रहालयाने हे जपून ठेवलं असतं?

शिकारीच्या बाबतीत तर दोन न्याय फार जुने आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली याच मुंबईत निघाली. तिच्या नियतकालिकात सुरुवातीची कित्येक वर्षं साहेबलोक शिकारीच्या हकिकती लिहीत, आणि ते शास्त्र ठरे. गिरगावातल्या खेतवाडीत वाढलेल्या सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्याला पिवळा डाग कसला म्हणून ती घेऊन ते सोसायटीत गेले, आणि पुढे देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. जिम कॉर्बेट आधी वाघ मारत, नंतर त्यांनी सिने कॅमेरा घेऊन वाघांचं चित्रीकरण केलं. आज त्यांच्या नावाने राष्ट्रीय उद्यान आहे. अलीकडचं सांगायचं तर २०१६ साली तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या नव्या जाती शास्त्रीय नियतकालिकातून जाहीर केल्या. चांगलंच काम झालं, आमच्या चाळीत तेव्हा त्याचं कौतुकही झालं. पण गावच्या ओढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या खेकडे पकडणाऱ्याने कॅमेरा लावला की तो क्रूर, हे मला पटत नाही. उलट जाणत्यांनी या पोरांना जवळ करावं. कुठल्या वळणावर काळी कुर्ली आणि कुठे तांबडी, हे त्यांना तोंडपाठ असतं.

एवढी बाजू घेतल्यावर आता घरातल्यांचे कान धरते.

यूट्यूबवरच्या जाहिरातींचे पैसे मिळायला १,००० सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात लोकांनी ४,००० तास व्हिडिओ बघावे लागतात. हे गणित पुतण्यानेच मला समजावलं. वाईट काही नाही, वायरमनच्या पगारात परळला संसार चालवून बघा म्हणजे कळेल. पण या तासांच्या मागे लागल्यापासून ओढ्यावरचा हिशोब बदलला. आधी घरापुरत्या, शेजारी दोन वाटे देण्यापुरत्या कुर्ल्या झाल्या की माणसं माघारी वळत. आता बादली भरलेली दिसायला हवी, कारण व्हिडिओच्या बाहेरच्या चित्रावर भरलेली बादलीच लावायची असते. “काकी, जरा वर धर, उजेड येवंदे,” असं म्हणत म्हणत दुसरी बादली कधी भरते, कळत नाही. मग त्या बर्फात घालून परळला आणायच्या आणि चाळीत वाटायच्या. वाटतो आम्ही, फेकत नाही. तरी गरज परळची नसते, व्हिडिओची असते.

कुर्लीच्या मादीचं एक सांगते. गोड्या पाण्यातली कुर्ली अंडी आणि पिल्लं पोटाखाली घेऊन फिरते. उलटी केली की पोटाच्या पदराखाली मुगाच्या दाण्याएवढी पिल्लं वळवळताना दिसतात. सासूबाई बघितल्या बघितल्या ओरडायच्या, “पोरां आसत तिच्या पोटाक, सोड तिका.” आणि सोडावीच लागे. पहिल्या व्हिडिओंमध्ये हे आहे. नंतरच्या व्हिडिओंमध्ये मादी सोडलेली दिसत नाही. सोडतात की नाही, मी विचारलं तर पुतण्या म्हणाला, सोडतो गं, पण तेवढा भाग कापतो, लोक पुढे ढकलतात. म्हणजे जी गोष्ट दाखवायला हवी होती तीच कात्रीत गेली.

त्याहून मोठं दुखणं चढणीच्या माशांचं. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, ओढे-व्हाळ भरून वाहू लागले, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. बांधावरून उड्या मारत भातशेतीच्या पाण्यात शिरतात, तिथे अंडी घालतात. ‘चढण लागली’ अशी हाक आली की गाव रात्री कंदील घेऊन निघायचं. आता निघते ती शनिवार-रविवारची मुंबई. डोक्याला झगझगीत बॅटऱ्या, हातात नायलॉनचं बारीक जाळं, कुणाकडे कोयते. उथळ पाण्यात माशाला पळायला जागा नसते, उजेडात तो दिसतो आणि घाव बसतो. पोट चिरलं की गाबोळी. कॅमेरा अगदी जवळ नेऊन ती गाबोळी दाखवायची आणि खाली लोक जिभल्या चाटणारे चेहरे टाकणार. त्या गाबोळीत पुढच्या वर्षीचे मासे असतात हे न कळण्याइतके आपण अडाणी नाही.

आजोबाही चढण मारायचेच की, असं उत्तर ठरलेलं आहे. मारायचे. बांधाच्या तोंडाशी कामट्यांचा एक सापळा लावून सकाळी जे सापडेल ते आणायचे, आणि बाकीचा व्हाळ मोकळा असायचा. एका वाडीची भूक आणि पाच तालुक्यांतून व्हिडिओ बघून आलेल्यांची हौस, यांना एका मापाने मोजता येणार नाही. कोकण रेल्वे १९९८ला पूर्ण सुरू झाली, त्याआधी परळहून गावी जायचं म्हणजे रात्रभर एसटीत हाडं मोडायची. पावसाळ्यात दोन दिवसांसाठी कोण जात होतं? आता लोक शुक्रवारी रात्री निघून सोमवारी कामावर हजर होतात.

समुद्राला तरी नियम आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, कारण तो माशांच्या विणीचा काळ. ससून डॉकपासून थेट वेंगुर्ल्यापर्यंत कोळी बांधव दोन महिने पोटाला चिमटा घेऊन बोटी ओढून ठेवतात. त्याच दोन महिन्यांत आपण, ज्यांचं पोट मासेमारीवर नाही, ते ओढ्यातली वीण मारून त्याचा व्हिडिओ करतो. कोळणीकडून मासळी घेताना घासाघीस करणाऱ्या परळकरांनी हा विचार करायला हरकत नाही.

व्हिडिओत जागेचं नाव सांगायची खोड तर आधी सोडा. गावाचं, वाडीचं, पुलाचं नाव सांगितलं की पुढच्या आठवड्यात तिथे परक्या गाड्या उभ्या असतात. आमच्या व्हाळावर हेच झालं. आलेल्यांनी कोंडीत ब्लिचिंग पावडर टाकली. सकाळी बोटभर लांबीची पिल्लं, बेडूक, पाणसाप, सगळं पांढरं पोट वर करून तरंगत होतं. पाण्यात विष कालवून किंवा सुरुंग फोडून मासे मारायला इंग्रजांनी १८९७ सालीच बंदी घातली होती. सव्वाशे वर्षांनी ती मोडायला लोक आले ते आम्हीच पत्ता दिल्यामुळे.

आता रानडुकराच्या शिकारीबद्दल. चॅनेल वाढलं की गावातली काही पोरं येतात, म्हणतात, कुर्ल्या किती दिवस दाखवणार, एकदा हाक्याला चल, खरी शिकार शूट कर. इथे मात्र मी आडवी पडते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे. त्यात शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नव्हे. फासकी लावणं, आमिष ठेवणं, हाका देऊन जनावर पुढे काढणं, हेही शिकारीतच येतं. म्हणजे डबा वाजवणारा पोरगाही आरोपी, आणि मोबाइल धरणाऱ्याने तर पुरावा स्वतःच्या हाताने तयार करून दिलेला. डुक्कर शेतीची नासाडी करतं, हे खरं आहे. रात्रीत भुईमुगाचं शेत नांगरल्यासारखं करून ठेवतं, शेतकऱ्याचा संताप मला समजतो. त्यासाठी वनखात्याकडे अर्ज करून परवानगी मागायची सोय आहे. ती सोय शेतकऱ्याची आहे, मुंबईहून आलेल्या पुतण्याच्या चॅनेलची नाही. आणि फासकी काही डुक्कर ओळखत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या अडकल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. २०२५च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरकडच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांच्या गोळीने त्यांचाच साथीदार गेला. अंधारात झुडूप हललं की ठासणीच्या बंदुकीला माणूस आणि डुक्कर सारखंच. घोरपड, ससा, साळिंदर, यांनाही हेच लागू. यातलं काही आमच्या चॅनेलवर आलं, तर काकी चुलीपाशी दिसणार नाही, हे मी पुतण्याला सांगून ठेवलंय.

चाळीतल्या इतर पोरांनाही माझं हेच सांगणं आहे. कॅमेरा ठेवा, कुर्ल्या पकडा, आजीला बोलतं करा. वाट्याचे टोप शेजारी जाताना दाखवा. मादी सोडताना दाखवा, तेवढा तुकडा कापू नका. चढण लागली की बांधावर बसून ती जरूर शूट करा, अंगठ्याएवढा मासा हातभर बांधावर कसा चढतो ते बघण्यासारखं असतं. जाळं आणि कोयता मात्र घरी राहू द्या. गावाचं नाव सांगू नका. मासे खायचे तर गणपतीनंतर गरी घेऊन बसा, तोवर पिल्लं परत नदीला लागलेली असतात.

आणि हे वाचणाऱ्यांनो, पिल्लांची कुर्ली सोडून दिलेला एखादा व्हिडिओ समोर आला तर तो पुढे ढकलू नका, शेवटपर्यंत बघा. ते तासही मोजले जातात.