ड्रोनमधून न दिसणारं शहर

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाइलवर नांदेडचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. वरून टिपलेली गोदावरी, गुरुद्वाऱ्याचा सोनेरी कळस, रात्रीचे उजळलेले रस्ते, विमानतळाची धावपट्टी आणि शेवटी इंग्रजीत उद्योगपतींना आवतण. मुलगा आमच्याकडे दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकला, आता हैदराबादला मोबाइलच्या दुकानात असतो. खाली त्याने लिहिलं होतं, "सर, अपना शहर तो बहुत आगे निकल गया." मी लिहिलं, "तो फिर तू वहाँ क्या कर रहा है बेटा?" आणि पाठवायच्या आधीच पुसून टाकलं.

लहान शहरांनी स्वतःची जाहिरात करूच नये, असं मी म्हणत नाही. पुणे-मुंबईला जे आपोआप मिळतं, ते मराठवाड्याला मागावं लागतं. पण जाहिरात कुणाला दाखवायची आणि त्याआधी घरात काय करायचं, याचा हिशोब आपण मांडत नाही. लातूरचंच घ्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत बीकेसीवर 'मेक इन इंडिया' सप्ताह झाला. दात्यांच्या चाकांचा सिंह सगळीकडे झळकला, राज्याने जवळजवळ आठ लाख कोटींचे करार जाहीर केले. पुढच्याच महिन्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती आणि विहिरींभोवती जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत दहा वॅगन, पाच लाख लिटर. तिलाही आपण झकास नाव दिलं, 'जलदूत'. नाव ठेवण्यात आपला हात कुणी धरणार नाही. ज्या शहराला रेल्वेने पाणी पाजावं लागतं, तिथे कारखाना काढायला कोण येईल, हे विचारायला मात्र त्या सिंहाच्या मंडपात कुणी नव्हतं.

दोन वर्षांनी 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' झालं. ४,१०६ करार, १२ लाख १० हजार कोटी. लातूरचा रेल्वे कोच कारखाना त्याच सुमारास जाहीर झाला. ३१ मार्च २०१८ ला भूमिपूजन झालं, २५ डिसेंबर २०२० ला पहिला सांगाडा बाहेर पडला आणि २०२३ मध्ये स्लीपर वंदे भारतच्या १२० गाड्यांचं काम भारतीय-रशियन भागीदारीला मिळालं. चांगलं झालं, नाही कशाला म्हणू? पण हा कारखाना चित्रफितीवर भाळून आलेला नाही. रेल्वे खात्याने ठरवलं, सरकारचा पैसा लागला, म्हणून तो उभा राहिला. चुंबकाला चिकटलेलं लोखंड सरकारी होतं.

थोडं मागे जाऊ. नांदेडला उस्मानशाही मिल कशामुळे आली? भोवती कापूस होता आणि १९०० मध्ये मनमाड-सिकंदराबाद रेल्वे झाली होती. तेव्हा घोषवाक्य नव्हतं. मिल पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि शेवटी बंद पडली. मागासलेल्या तालुक्यांत उद्योग काढणाऱ्याला सवलती देण्याची राज्याची योजना १९६४ पासून आहे. सवलत जिथे पुरली नाही, तिथे ड्रोनचं चित्रण काय करणार? २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या तीनशे वर्षांनिमित्त नांदेडला रस्ते झाले, विमानतळ सुधारला. एप्रिल २०१७ मध्ये 'उडान'च्या अगदी पहिल्या विमानांत नांदेड-हैदराबाद होतं, टाळ्या झाल्या. काही वर्षांत ती कंपनीच बसली. यात्रेकरू मात्र तेव्हाही येत होते, आजही येतात.

मराठवाड्यातलं एकच नाव खऱ्या अर्थाने चाललं, 'लातूर पॅटर्न'. ते कुठल्या एजन्सीने बनवलेलं नाही. शाहू कॉलेजसारख्या संस्थांनी आधी मुलं घासून घेतली, निकाल लागले आणि मग लोकांनीच ते नाव गावोगाव नेलं. त्यावर खोल्या, मेस, झेरॉक्स, पुस्तकांची दुकानं, रिक्षा असा सगळा संसार उभा राहिला. शहराची किंमत कामावरून कशी ठरते, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. आणि कामावरून ती कशी जाते, हेही लातूरनेच पाहिलं. २०२४ च्या जूनमध्ये 'नीट' पेपरफुटीच्या तपासात इथल्या शिक्षकांना अटक झाली, तेव्हा शिक्षक म्हणून माझीच मान खाली गेली.

त्याच लातुरात माझ्या भाचीसाठी खोली शोधायला गेलो होतो. बारावीनंतर 'नीट'ची तयारी करायची होती. पहिल्या घरी बाईंनी खोली दाखवली, भाडं सांगितलं, पाण्याची वेळ सांगितली. मग नाव विचारलं. नाव ऐकून आत गेल्या, बाहेर येऊन म्हणाल्या, "मालकांनी कालच कुणालातरी शब्द दिलाय हो." दुसऱ्या घरी नाव आधीच विचारलं, तेवढा वेळ वाचला. तिसऱ्या घरी मीच आधी सांगून टाकलं. पाचव्या घरी खोली मिळाली, आपल्याच मोहल्ल्यात, क्लासपासून लांब. भाची परतताना एवढंच म्हणाली, "मामू, सायकल लगेगी." बाहेरच्या पैशाला गालिचा आणि शेजारच्या जिल्ह्यातून फी घेऊन आलेल्या मुलीला नावावरून परत पाठवणं, हे ज्या शहरात एकाच वेळी चालतं, ते नक्की कुणाला बोलावतंय? ती मुलगीही गुंतवणूकच आहे. तिच्या अम्मीच्या मोडलेल्या बांगड्या त्यात आहेत.

आता आपल्या लोकांबद्दल. आपणही फ्लेक्सवाले झालोय. आमदार आला की मोहल्ल्याच्या तोंडाशी स्वागताची कमान लागते. आयटीआयच्या प्रवेशाची तारीख मात्र आमच्या शाळेच्या फळ्यावर मी लिहितो, आणि दहातले दोन पालक वाचतात. एमआयडीसीत भूखंड कसा मागतात हे माहीत असलेली माणसं आपल्या जमातीत बोटांवर मोजावीत. कारखाना आला तरी दारावर उभा राहणारा वॉचमन आपला आणि आतला वेल्डर बाहेरचा, असं होऊ नये म्हणून आपण काय केलं?

सुरतचं उदाहरण मला पटतं. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेग आला आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. पुढच्या वर्षी आयुक्त एस. आर. राव आले. कचरा उचलला, गटारं काढली, अधिकाऱ्यांना रोज सकाळी वस्तीत फिरायला लावलं. दोनेक वर्षांत सुरतची गणना देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत होऊ लागली. ही बातमी व्यापाऱ्यांना कुणी चित्रफीत दाखवून सांगितली नाही. त्यांनी रस्ता पाहिला.

म्हणून पुढच्या व्हिडिओचं बजेट पास करण्याआधी एक साधा कागद छापा. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, एमआयडीसीत किती शेड बंद आहेत, वीज किती वेळा जाते, आयटीआयमध्ये कोणत्या ट्रेडला मास्तर नाही. आणि बाहेरगावच्या मुलींना नाव न विचारता खोली देणारी घरं किती, हेही त्यात घाला. तो कागद आधी मराठीत आणि उर्दूत छापा. इंग्रजीत नंतर बघू.