पदामागची साधना

स्त्रीशक्तीचा विषय निघाला की झाशीच्या राणीचा दाखला हमखास दिला जातो. तो योग्यच आहे. परंतु घरातील मुलगी ‘मला सैन्यात जायचे आहे’ असे म्हणते, तेव्हा तोच दाखला देणारे घर क्षणभर गप्प होते. अशा घरांनी डॉ. पुनिता अरोरा यांची कारकीर्द जाणून घ्यावी. भारतीय नौदलात व्हाइस अ‍ॅडमिरलपदी पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला अधिकारी.

त्यांचा जन्म १९४६ सालचा, लाहोरचा. फाळणीने घरदार हिरावले आणि कुटुंबाला सहारनपूरला नव्याने संसार उभारावा लागला. विज्ञान शिकायचे म्हणून अकरावीत ही मुलगी मुलांच्या सरकारी शाळेत जाऊन बसली. १९६३ साली तिने पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथील पदवी अभ्यासक्रम आदल्याच वर्षी सुरू झाला होता. दुसऱ्या तुकडीतील ही विद्यार्थिनी सर्वप्रथम आली आणि १९६८ साली सेनेच्या वैद्यकीय सेवेत रुजू झाली.

पुढची साडेतीन दशके प्रसिद्धीपासून दूर गेली. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून त्यांनी लष्करी रुग्णालयांत दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया व कर्करोगावरील उपचारांच्या सोयी उभ्या केल्या. या कार्यासाठी त्यांना सेना पदक मिळाले. मे २००२ मध्ये जम्मूजवळच्या कालुचक येथे दहशतवाद्यांनी जवानांच्या वसाहतीत शिरून बायकामुलांची हत्या केली. त्या वेळी जखमींना तत्परतेने दिलेल्या वैद्यकीय मदतीबद्दल विशिष्ट सेवा पदकाने त्यांचा गौरव झाला. सीमेवरचा जवान निश्चिंत मनाने उभा राहतो, तो मागे आपल्या कुटुंबाची काळजी घेणारे कुणीतरी आहे या विश्वासावर. तो विश्वास जपणे हेही राष्ट्ररक्षणच होय.

सप्टेंबर २००४ मध्ये, ज्या महाविद्यालयात त्या शिकल्या, त्याच महाविद्यालयाच्या प्रमुखपदाची धुरा त्यांच्याकडे आली. लेफ्टनंट जनरल होणाऱ्या त्या देशातील पहिल्या महिला ठरल्या. सशस्त्र दलांची वैद्यकीय सेवा तिन्ही दलांसाठी सामायिक असल्याने तिच्या अधिकाऱ्यांना एका दलातून दुसऱ्या दलात जाता येते. त्यानुसार २००५ मध्ये त्यांनी नौदलाचा गणवेश धारण केला.

यावर कुणी म्हणेल, हे तर डॉक्टरचे पद. युद्धनौकेचे सुकाणू कुठे हाती होते? आक्षेप खरा आहे. पण तो त्या अधिकाऱ्यावर नव्हे, व्यवस्थेवर आहे. वैद्यकीय सेवेबाहेरच्या काही शाखा नौदलाने महिलांना खुल्या केल्या त्या १९९२ मध्ये, आणि त्याही मर्यादित मुदतीच्या सेवेसाठी. स्थायी नियुक्तीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०२० मध्ये सांगावा लागला. दार उघडताच काय घडले, तेही देशाने पाहिले. गोव्याहून निघालेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेने सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. २०२३ मध्ये प्रेरणा देवस्थळी यांची युद्धनौकेच्या प्रमुखपदी निवड झाली; हा मान मिळवणाऱ्या त्या नौदलातील पहिल्या महिला. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. पात्रता आधीही होती. वाट मात्र नव्हती.

‘पहिली महिला’ म्हणून सत्कार करणे सोपे आहे. हार घातला की समाजाचे कर्तव्य संपते आणि त्या पदामागची साधना विस्मरणात जाते. निर्वासित कुटुंबातील मुलीला मुलांच्या शाळेत बसू देणारे वडीलधारे त्या काळी होते, म्हणून पुढची व्हाइस अ‍ॅडमिरल घडली. आज आपल्या घरातील मुलगी सेनादलाच्या परीक्षेचा अर्ज घेऊन समोर येईल, तेव्हा राणी लक्ष्मीबाईंचे नाव घेणाऱ्या घराची खरी कसोटी त्या अर्जावरील पालकाच्या सहीपाशी लागेल.