बारावी सायन्सच्या पोरांना हेल्परच्या रांगेत उभं करू नका

निकाल लागला की डहाणू-तलासरीच्या नाक्यानाक्यावर एकच प्रश्न ऐकू येतो. "गणित-फिजिक्स घेऊन बारावी झाली, आता काय?" उत्तरंही ठरलेली. "इंजिनिअरिंग आपल्याला झेपणार नाही." "बीएस्सी करून काय दिवे लावणार?" आणि तिसरं, सगळ्यात गोड उत्तर: "सहा महिन्यांचा कोर्स कर, वाढवण बंदर येतंय, लगेच लागशील."

माझं भांडण या तिसऱ्या उत्तराशी आहे.

आधी बंदर म्हणजे काय ते बघा. 76,220 कोटींचा प्रकल्प. समुद्रात 1,448 हेक्टर भराव. 10.14 किलोमीटरची लाटा अडवणारी भिंत. प्रत्येकी 1,000 मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल. 30 ऑगस्ट 2024ला पालघरला पायाभरणी झाली तेव्हापासून हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. आता सांगा, त्या भिंतीवर लाटेचा जोर किती पडेल, भराव किती खचेल, क्रेनला वीज किती लागेल, हे ठरवणारी माणसं काय शिकलेली असतात? सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल. या सगळ्याचा पाया म्हणजे आपल्या पोराने आत्ताच पास केलेलं बारावीचं गणित आणि फिजिक्स. पाया त्याच्याकडे आहे, आणि आपणच त्याला सांगतो की वर मजले चढवू नकोस, पायावरच पत्रे टाकून राहा.

लांब कशाला जायचं? तारापूर आपल्याच जिल्ह्यात आहे, 1969पासून तिथे अणुवीज तयार होते. अणुऊर्जा महामंडळाची भरतीची जाहिरात काढून वाचा. बारावी सायन्स किंवा आयटीआयवाला प्रशिक्षणार्थी टेक्निशियन म्हणून जातो. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घेऊन 60 टक्क्यांनी बीएस्सी झालेला, किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमावाला, सायंटिफिक असिस्टंटसाठी अर्ज करू शकतो. इंजिनिअरिंगची पदवी आणि गेट परीक्षा असेल तर थेट अधिकारी. गेट एकच, दरवाजे तीन. कुठल्या दरवाजातून आत जायचं ते आज, याच महिन्यात ठरतं. आणि सहा महिन्यांच्या खाजगी सर्टिफिकेटला त्यात चौथा दरवाजा नाही.

कोणी म्हणेल, मग आयटीआय वाईट का? अजिबात नाही. हाताने काम करायची आवड असलेल्या पोराने जरूर आयटीआय करावं. चांगल्या फिटरला, इलेक्ट्रिशियनला मान आहे. माझा राग आहे तो गणितात रमणाऱ्या पोराला घाबरवून खाली उतरवण्यावर. आपली किती पोरं वापी-उंबरगावच्या कंपन्यांत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून जातात, ते आपल्या पाड्यावर मोजा. त्यातली किती बारावी सायन्स आहेत तेही मोजा. बंदर आल्यावर फक्त बसची दिशा बदलणार असेल, तर त्याला स्थानिकांना रोजगार म्हणायचं का?

बंदराला विरोध करणाऱ्यांनाही हेच सांगतो. भरतीचा प्रवाह बदलेल का, गाळ कुठे साचेल, मासा कुठे जाईल, यावर कंपनीचे जाडजूड अहवाल येतात. देशातल्या कितीतरी बंदरांचे असे अभ्यास खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात झालेत. ते अहवाल गणितात लिहिलेले असतात. ते उघडून "हे गृहीतक चुकलंय" असं सांगणारा आपला माणूस कुठे आहे? घोषणा देणारे आपल्याकडे भरपूर आहेत. समीकरण वाचणारे हवेत. बंदर हवं असो की नको, गरज तीच आहे.

"बीएस्सीत काय आहे?" म्हणणाऱ्यांनी हेही ऐका. बारावीला गणित असलेल्या बीएस्सीवाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. एमएस्सी करून संशोधनात जाता येतं. बीएड करून गणिताचा शिक्षक होता येतं, आणि आपल्या शाळांना त्याची किती गरज आहे ते पालकांना विचारा. बोर्डीला विज्ञान महाविद्यालय आहे, तलासरीला कॉम्रेड गोदावरी परुळेकरांच्या नावाचं महाविद्यालय आहे. प्रवेश घेताना एकच प्रश्न विचारा: फिजिक्स किंवा गणित शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून मिळेल का? मिळत नसेल तर त्यासाठी गावाबाहेर जायची तयारी ठेवा. स्टेशन जवळ आहे म्हणून विषय निवडायचा नसतो.

आता पैशाचं. आदिवासी मुलांना पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विभागाची वसतिगृहं आहेत, वसतिगृहात जागा नाही मिळाली तर स्वयं योजना आहे. अडतं कुठे? जात वैधता प्रमाणपत्रात. सीईटी पास झालेलं पोर ऐन प्रवेशाच्या वेळी आजोबांच्या शाळेचा दाखला शोधत फिरतं. हा पोराचा दोष नाही. म्हणून मागणी साधी आहे. अकरावीतच, प्रत्येक ज्युनिअर कॉलेजात, वैधतेच्या अर्जांचं शिबिर भरवा. डहाणूच्या प्रकल्प कार्यालयाने ते मनावर घ्यावं. आणि "स्थानिकांना रोजगार" म्हणणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने आधी जाहीर करावं: इथल्या किती मुलांची इंजिनिअरिंगची आणि एमएस्सीची पूर्ण फी, राहण्या-खाण्यासकट, तुम्ही भरणार? सहा महिन्यांच्या कोर्सचे फोटो नकोत, चार वर्षांची जबाबदारी दाखवा.

1945ला झरीला जमलेल्या वारल्यांनी वेठ करणार नाही असं ठरवलं. त्यांना पाटी-पेन्सिल मिळाली नव्हती. त्यांच्या पणतवंडांच्या हातात आज गणित-फिजिक्सचं गुणपत्रक आहे. ते गुणपत्रक ठेकेदाराच्या टेबलावर ठेवायचं की विद्यापीठाच्या, हे या आठवड्यात घराघरात ठरणार आहे.

पालकांनो, घाई करू नका. पोराला विचारा. पटलं तर पाड्यावरच्या ग्रुपवर टाका.