गवंड्याचे हात

फिलाडेल्फियाचा जॅक केली विटा रचायचा. आयरिश स्थलांतरिताचा मुलगा, पेशाने गवंडी. फावल्या वेळात स्कूलकिल नदीवर वल्ही मारायचा. १९२० साली तो एकट्याने चालवायच्या नौकेच्या शर्यतीत अमेरिकेचा विजेता होता. साहजिकच त्याला इंग्लंडमधल्या थेम्सवरच्या हेन्ले शर्यतींची ओढ लागली. तिथला ‘डायमंड स्कल्स’ करंडक जिंकणं म्हणजे नौकानयनातला सर्वोच्च मान. त्याने प्रवेशअर्ज धाडला. हेन्लेने तो नाकारला.

कारणं दोन. त्याच्या व्हेस्पर क्लबशी हेन्लेचं जुनं वितुष्ट होतं, १९०६ पासून क्लबला बंदीच होती. दुसरं कारण मला आजही झोंबतं: केलीने हातांनी काम करून पोट भरलं होतं. कारागीर किंवा मजूर असेल तो ‘हौशी’ खेळाडू नव्हे, असा हेन्लेचा नियमच होता. अंगमेहनत करणाऱ्याचे स्नायू बळकट होतात, मग इतरांवर अन्याय होतो, अशी त्याची भलामण केली जाई. सरावाला दिवसभर मोकळा वेळ असणं हाही फायदाच आहे, हे कुणाला सुचलं नाही. हा नियम खेळाचा नव्हता, जातीचा होता. दुसरा शब्द मला सापडत नाही.

१९२० सालीच बेल्जियममध्ये ऑलिंपिक झालं. अंतिम शर्यतीत केलीसमोर होता हेन्लेचा ताजा विजेता, इंग्लंडचा जॅक बेरेसफर्ड. केली एका सेकंदाने जिंकला. अर्ध्याएक तासात तो पुन्हा नौकेत बसला आणि चुलतभाऊ पॉल कॉस्टेलोबरोबर दुहेरीचंही सुवर्ण घेऊन आला. १९२४ ला पॅरिसमध्ये या जोडीने ते राखलं.

केलीबद्दल वाचताना मला चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवतो. विहिरी खणणारा हा मुलगा सैन्यात गेला, तिथे त्याने वल्हं धरलं आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. केलीच्या काळात हेन्लेने त्यालाही दारातूनच परत पाठवलं असतं.

तो नियम १९३७ मध्ये गेला. दहा वर्षांनी केलीच्या मुलाने, धाकट्या जॅकने, हेन्लेला ‘डायमंड स्कल्स’ जिंकला. मुलगी ग्रेस हॉलिवूडची अभिनेत्री झाली, पुढे मोनॅकोची प्रिन्सेस. हेन्लेतल्या महिलांच्या चौघींच्या शर्यतीचा करंडक आज या गवंड्याच्या लेकीच्या नावाने दिला जातो.