‘इतर’ या रकान्यातील लोणचे

लोणचे म्हणजे काय, हे कोणत्याही मराठी घरात समजावून सांगावे लागत नाही. सीमाशुल्क खात्याच्या दरबारात मात्र हा प्रश्न अत्यंत गंभीर मानला जातो. त्याच्या उत्तरावर परदेशी बंदरात उतरलेल्या मालाला किती शुल्क लागणार, हे ठरते. कधी कधी त्या व्यवहारात नफा उरणार की नाही, हेही ठरते.

जागतिक व्यापारातील प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेने तयार केलेली ही नामावली १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. भारताने आपली शुल्कसूची त्याआधीच, १९८६ मध्ये, तिच्या साच्यात बसवली होती. पहिले सहा अंक सर्व देशांत समान; पुढचे अंक ज्याचे त्याने ठरवावयाचे. या नामावलीच्या विसाव्या प्रकरणात २००१ हे शीर्षक आहे. व्हिनेगर किंवा ॲसेटिक आम्ल यांच्या साह्याने तयार केलेल्या वा टिकवलेल्या भाज्या, फळे आणि वनस्पतींचे इतर खाद्य भाग त्यात मोडतात. व्हिनेगरविना टिकवलेल्या बहुतेक भाज्या २००५ मध्ये, फळे २००८ मध्ये आणि पातळ सॉस २१०३ मध्ये जातात. मिठाच्या पाण्यात केवळ तात्पुरता राखलेला, त्या अवस्थेत लगेच खाता न येणारा भाजीपाला तर सातव्या प्रकरणात, ०७११ खाली, ताज्या भाज्यांच्या शेजारी जाऊन बसतो.

येथेच खरी मेख आहे. पदार्थ आंबट आहे एवढ्याने भागत नाही. तो आंबटपणा कोणाचा, हे विचारले जाते. युरोपीय संघाच्या शुल्कसूचीतील टीपेनुसार २००१ मध्ये बसण्यासाठी मुक्त बाष्पशील आम्ल, ॲसेटिक आम्लाच्या हिशेबाने, वजनाच्या किमान ०.५ टक्के असावे लागते. लिंबाचा आंबटपणा सायट्रिक आम्लाचा. आंबवलेल्या काकडी-कोबीचा लॅक्टिक आम्लाचा. प्रयोगशाळेच्या या काट्यावर दोन्ही निरुपयोगी. मग मीठ, मोहरी, मेथी, हिंग आणि तेलाच्या बळावर वर्षभर टिकणाऱ्या आपल्या कैरीच्या लोणच्याचे काय? व्हिनेगरचा थेंबही नसल्याने ते फळांच्या २००८ मध्ये ढकलले जाण्याचा संभव अधिक. गंमत अशी, की २००१ चे अधिकृत स्पष्टीकरण त्या शीर्षकातील प्रमुख पदार्थांत आंब्याचे नाव आवर्जून घेते. तो आंबा अर्थातच व्हिनेगरमधला!

ज्या समाजाच्या स्वयंपाकघरात टिकवणे म्हणजे व्हिनेगर हे समीकरण होते, त्याची छाप या वर्गीकरणावर आहे. आपल्याकडेही व्हिनेगर परके नाही. गोव्यात माडाच्या सुरेचे व्हिनेगर रोजच्या वापरात आहे, पंजाबात गाजर-फ्लॉवरच्या लोणच्यात शिरका पडतो. पण भारताचा स्वतःचा अन्नकायदा माध्यमात टिकवलेल्या लोणच्याचे तीन प्रकार स्पष्टपणे मानतो: व्हिनेगरमधील, लिंबूरस वा मिठाच्या पाण्यातील आणि तेलातील. यांतील एकाच प्रकाराला जागतिक नामावलीने स्वतंत्र घर दिले आहे. उरलेले दोन पाहुण्यासारखे जेथे जागा मिळेल तेथे बसतात.

हा शब्दच्छल आहे, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी घेरकीनकडे पाहावे. बोटाएवढी ही कोवळी काकडी भारतीय जेवणात फारशी नाही. पण १९९० च्या दशकाच्या आरंभी कर्नाटकात सुरू झालेली तिची लागवड पुढे तामिळनाडू, आंध्र प्रदेश व तेलंगणात पसरली. केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार २०२०-२१ मध्ये भारताने काकडी व घेरकीनची २,२३,५१५ टन निर्यात केली, तिचे मूल्य २२ कोटी ३० लाख डॉलर होते आणि सुमारे ९०,००० लहान शेतकरी कराराने हे पीक घेत होते. हा माल दोन वाटांनी जातो: व्हिनेगरमध्ये तयार होऊन २००१ खाली, किंवा तात्पुरता राखलेला ०७११ खाली. २०२५ मधील वाढीव शुल्काचे वादळ बाजूला ठेवले, तरी अमेरिकेच्या मूळ शुल्कसूचीत पहिल्यावर ९.६ टक्के आणि दुसऱ्यावर ७.७ टक्के दर आहे. म्हणजे काकडीवर जितके अधिक काम भारतात होईल, तितका तिच्यावरील कर अधिक. कच्चा माल पाठवा, प्रक्रिया आम्ही करू, हा सांगावा प्रगत देशांच्या शुल्कसूच्या फार जुन्या काळापासून देत आल्या आहेत.

आपल्या बंदरांवर चित्र निराळे आहे. पिझ्झावरचे ऑलिव्ह मिठाच्या पाण्यात आले तर २००५, व्हिनेगरमध्ये आले तर २००१. पण या शीर्षकांखालील बहुतेक ओळींवर मूळ आयातशुल्क ३० टक्केच असल्याने वाद फारसे पेटत नाहीत. २०११ पासून वर्गीकरणाची पहिली जबाबदारी आयातदारावरच आहे. शंका असेल तर आगाऊ निर्णय मागण्याची सोय आहे. मात्र दर सारखा म्हणून वर्गीकरण कसेही चालेल, ही समजूत घातक आहे. मुक्त व्यापार करारांतील सवलती आणि मालाचे मूळ ठरवण्याचे नियम याच अंकांवर उभे असतात. आज दुर्लक्षिलेला अंक उद्या एखाद्या करारात अंगाशी येतो.

आणि आपली अवस्था काय? भारताच्या आठ अंकी सूचीत २००१ खाली दोनच ओळी आहेत: काकडी-घेरकीन आणि ‘इतर’. कैरी, लिंबू, मिरची, परदेशातून येणारी व्हिनेगरमधली हालापिनो मिरची, कांदा, सारे त्या ‘इतर’ मध्ये. महिला बचत गटांनी केलेले किती लोणचे परदेशी गेले आणि तिकडून किती बाटल्या इकडे आल्या, हे सरकारी आकडेवारीतून वेगळे काढताच येत नाही. ज्याची मोजदाद नाही, त्यासाठी वाटाघाटीच्या मेजावर कोण भांडणार?

जागतिक नामावलीची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे आणि त्यानिमित्ताने भारताची सूचीही नव्याने बेतावी लागेल. तेलातील व लिंबूरसातील लोणच्यांना सहा अंकी ओळख हवी, ही मागणी ब्रुसेल्सच्या समितीत नेण्यास वेळ लागेल, पाठपुरावाही लागेल. परंतु शेवटचे दोन अंक दिल्लीच्या हाती आहेत. व्हिनेगरमधील कैरी, मिरची आणि कांदा यांना २००१ मध्ये, तेलातील फळांच्या लोणच्याला २००८ मध्ये आणि भाज्यांच्या लोणच्याला २००५ मध्ये स्वतंत्र ओळ देण्यासाठी अर्थ मंत्रालयाला कोणाचीही परवानगी घ्यावी लागत नाही.